परराज्यातील खोली आणि आपले साहित्य

आपली शिकलेली मुले आता मुंबई-पुणे सोडण्याची भाषा करू लागली आहेत. कोणी हैदराबादचे नाव घेतो, कोणी बडोद्याचे, कोणी इंदूरचे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. तेथे घर परवडते, आणि तेथे नाना भाषांचे, नाना धर्मांचे लोक राहतात, त्यामुळे कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. पहिल्या कारणाशी माझे भांडण नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला परवडणे म्हणजे काय हे मी सांगायला नको. भांडण आहे ते दुसऱ्या कारणाशी. अनेक जातिधर्मांचे लोक एका शहरात राहतात म्हणून ते शहर मोकळे असते, हे कोणी ठरवले? आणि आपल्या साहित्याने ही गोष्ट कधी तपासून पाहिली आहे काय?

आपल्या आत्मकथनांचा प्रवास बहुतेक दोन टोकांमधला आहे. एका टोकाला गावकूस, दुसऱ्या टोकाला मुंबई. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यातला कावाखाना ही मुंबईच असली तरी तेथे भोवती आपली माणसे आहेत. दारिद्र्य आहे, घाण आहे, पण खोली मागताना जात सांगण्याचा प्रश्न नाही, कारण वस्तीच जातीची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे जे वर्णन केले, त्यानंतर आपल्याला खेड्याबद्दल कोणी गोड कथा सांगू शकले नाही. त्यामुळे शहर म्हणजे सुटका, हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले. ते अगदी खोटे नव्हते. पण आपले म्हटलेले शहर सोडून परक्या राज्यातल्या शहरात एकट्याने खोली मागायला गेलेला दलित माणूस, हे तिसरे टोक आहे. ते आपल्या साहित्यात फार थोड्या ठिकाणी दिसते. माझ्या मते सर्वांत धारदारपणे ते दिसते बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत. ती १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहात आली.

या कथेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. विद्रोह, नकार, आत्मशोध असे सगळे मोठे शब्द तिच्यावर खर्ची पडले. पण कथा सुरू कोठून होते? ती सुरू होते एका खोलीपासून. मुंबईचा एक तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला जातो. नोकरी पक्की आहे, अंगात उमेद आहे, फक्त राहायला जागा हवी. आणि जागेचा प्रश्न निघताच जातीचा प्रश्न निघतो. त्यावर तो जे उत्तर देतो ते मला या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. तो जात सांगत नाही, पण खोटी जातही सांगत नाही. तो मुंबईकर असल्याचे सांगतो, आणि ते इतक्या आवेशाने सांगतो की विचारणारा दबून जातो. म्हणजे शहराचे नाव तो जातीच्या जागी ठेवतो. आधुनिक माणसाला आधुनिक उत्तर दिले की भागेल, असा त्याचा भाबडा विश्वास आहे. हाच विश्वास आज हैदराबादला निघालेल्या आपल्या मुलांचा आहे. फक्त ते 'मुंबईकर'ऐवजी कंपनीचे नाव सांगतात.

पुढे काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. खोली मिळते, आदर मिळतो, आणि त्या आदराच्या वजनाखाली तो हळूहळू मुका होतो. त्याच कारखान्यात काशीनाथ सकपाळ आहे. तो जात लपवत नाही, अपमान गिळत नाही. त्याचा अपमान चालू असताना निवेदक गप्प राहतो. आपल्या समीक्षेने शेवटच्या मारहाणीवर फार भर दिला. मला ही गप्प राहण्याची जागा मारहाणीपेक्षा भयंकर वाटते. खोलीचे खरे भाडे येथे दिले जाते. महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून हे भाडे फिटत नाही. शेवटी गुपित फुटते, ज्यांनी मान दिला तेच हात उगारतात, आणि सोडवायला धावतो तो काशीनाथ. ज्याच्या बाजूने आपण उभे राहिलो नाही, तो आपल्या बाजूने उभा राहतो. बागुल येथे उपदेश करीत नाहीत. पण खोली घेतलेला माणूस आणि खोली नाकारलेला माणूस यांना समोरासमोर उभे करून त्यांनी आपल्या मध्यमवर्गाचे पुढच्या साठ वर्षांचे चित्र काढून ठेवले आहे.

जाता जाता एक गोष्ट. उधना १ मे १९६० पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात होते. राज्याची सीमा नंतर आली, जातीची आधीच होती.

बागुलांच्या कथेमागे आणखी एक जुनी खोली उभी आहे. सप्टेंबर १९१७. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनहून शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. हिंदू हॉटेलात जाणे शक्य नव्हते, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराला भाडेकरू हवा होता, म्हणून पारशी नाव लावून राहण्याचा मार्ग निघाला. दिवसाला दीड रुपया. वर धुळीने भरलेला दालनभर अंधार, वटवाघळे, आणि एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दाराशी आले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. बाबासाहेब एका हिंदू मित्राकडे गेले, तर त्याच्या घरचे नोकर काम सोडतील अशी अडचण निघाली. ख्रिस्ती मित्राकडे गेले, तर त्याच्या पत्नीचे सोवळे आडवे आले. मग कामाठीबागेत (आजची सयाजीबाग) बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहणे एवढेच उरले.

आता सांगा, बडोद्यात विविधता नव्हती काय? हिंदू, पारशी, ख्रिस्ती, गुजराती, मराठी, सगळे होते. राजा तर पुरोगामी होता, त्यानेच शिष्यवृत्ती दिली होती. दारे अनेक होती, पण सगळ्या दारांना कडी एकच होती. विविधता म्हणजे मोकळेपणा, हा समज ज्याच्यासाठी कोणते ना कोणते दार उघडते त्याला शोभतो. आपल्या बाबतीत विविधतेचा अर्थ कधीकधी इतकाच होतो की नकार चार भाषांत मिळतो. बृहन्महाराष्ट्राच्या गौरवग्रंथातला बडोद्याचा मराठी माणूस दरबारात असतो, ग्रंथालयात असतो, संमेलनाच्या मांडवात असतो. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यातच भरले. पण बडोद्याच्या मराठी इतिहासाचे पहिले पान मी कामाठीबागेतल्या त्या संध्याकाळीच उघडीन.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांना ठेवावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००५ साली न्यायालयाने संस्थेचा तो अधिकार मान्य केला. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांबाबत सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आली. फोनवर विचारले तरी आणि प्रत्यक्ष गेले तरी दलितांना नकार मिळाला, मुसलमानांना त्याहून अधिक मिळाला. आज काठी घेऊन कोणी येत नाही. 'शाकाहारी असाल तरच' एवढेच म्हणतात.

परराज्यात आपल्याला एक सोय मात्र मिळते, आणि तिच्याबद्दल आपण प्रामाणिकपणे बोलत नाही. आपली आडनावे तेथे मुकी होतात. महाराष्ट्रात कांबळे म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलतो. हैदराबादच्या घरमालकाला कांबळे काय आणि कुलकर्णी काय, दोन्ही 'मराठा लोक'. बडोद्यात गायकवाड म्हटले तर राजघराण्याशी नाते विचारतील! म्हणजे बागुलांच्या निवेदकाला जो मुखवटा आवेशाने चढवावा लागला, तो आज न मागता मिळतो. लपवावे लागत नाही, फक्त सांगायचे टाळायचे. मोह याच जागी आहे. ज्याला घरात लहान मूल आणि म्हातारी आई घेऊन शिरायचे आहे, त्याच्या मोहाला मी नावे ठेवणार नाही. पण लेखकाने त्या मोहाचे चित्र काढू नये, असे कोठे आहे?

आणि याच माणसाच्या पाठीवर कायद्याचा उलटा फटका बसतो. घटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती राज्यागणिक ठरतात. आंध्रातून वडिलांबरोबर लहानपणी मुंबईत आलेल्या अनुसूचित जमातीच्या मुलाला येथील वैद्यकीय महाविद्यालयातली राखीव जागा मिळाली नाही, आणि १९९० साली घटनापीठाने तो नकार योग्य ठरवला. २०१८ साली बीर सिंग खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने तेच तत्त्व कायम केले. दोन्ही राज्यांच्या यादीत तुमच्या जातीचे नाव असले, तरी स्थलांतरिताला नव्या राज्याच्या नोकरीत वा महाविद्यालयात तो हक्क मिळत नाही. केंद्राच्या नोकरीत दाखला चालतो, पण मूळ राज्याचा म्हणून. या निर्णयाला दुसरी बाजू आहे. तेलंगणातल्या माला-मादिगांच्या जागांवर आपण मुंबईची शाळा शिकून हक्क सांगावा काय, हा प्रश्न न्याय्य आहे. परंतु घरमालकाच्या उंबऱ्यावर जात सीमा ओलांडून येते आणि सरकारी खिडकीवर तिचा दाखला सीमेवरच अडतो, हा विरोधाभास कोणाच्या कथेत आला आहे? अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मात्र राज्याबाहेरही राहते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ साली सांगितले. हेही आपल्या मुलांना गाडीत बसण्यापूर्वी ठाऊक असावे.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने मला आपली कथा वाचायला दिली. नायक मुंबईहून हैदराबादला जातो. आडनावाचा घोळ होतो, घर मिळते, शेजारी एक तेलुगू आणि एक उर्दू बोलणारे कुटुंब, ईदची बिर्याणी, उगादीची पच्छडी, आणि शेवटी बाल्कनीत चहा. भाषा चांगली होती. मी त्याला विचारले, "अरे, या घरात बाबासाहेबांचा फोटो कोणत्या भिंतीवर आहे?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, फोटो कपाटात आहे, आतल्या बाजूला. पहिल्या खर्ड्यात लिहिले होते, नंतर काढून टाकले. कथा उगाच जड होते असे वाटले."

ते कपाट हीच तुझी कथा आहे, असे मी त्याला सांगितले. घरमालकीण बाळाचे कपडे ठेवायला मदत करते म्हणून कपाट उघडते तेव्हा काय होते, ते लिही. ती चांगली बाई आहे असेच लिही. तिला वाईट केलेस तर तुझे काम फार सोपे होईल. आणि त्या इमारतीचा जिना झाडणारी जी बाई आहे, तिने तो फोटो आधीच पाहिलेला असेल, तर ती तुझ्या नायकाशी काय बोलेल तेही लिही. कथा तो परत घेऊन गेला आहे.