शालेय प्रशासनाचे संगणकीकरण : 'सरल' प्रणालीचे मूल्यमापन

ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या पटपडताळणीत सुमारे २० लाख विद्यार्थी केवळ कागदोपत्री असल्याचे उघडकीस आले. पटावरच शिक्षकपदे व अनुदान ठरत असल्याने प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद अपरिहार्य ठरली. २०१५ मध्ये शासनाने सुरू केलेली 'सरल' प्रणाली ही गरज भागविते. शाळा बदलणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद ऑनलाइन हस्तांतरित होत असल्याने एकच नाव दोन पटांवर राहण्यास आळा बसतो. हे तिचे निर्विवाद यश होय.

मर्यादा मात्र येथूनच सुरू होतात. २०२२-२३ च्या संचमान्यतेसाठी आधार-प्रमाणित विद्यार्थी ग्राह्य धरण्याचे धोरण स्वीकारले गेले. अशा वेळी नावातील एका अक्षराच्या फरकाने वर्गात बसलेले मूल संख्येतून गळू शकते. आईवडील ऊसतोडीसाठी परगावी असल्यास दुरुस्तीही लांबते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेस ६० पटापर्यंत दोन, तर ६१ पासून तीन शिक्षक अपेक्षित आहेत. म्हणजेच वालूर (ता. सेलू, जि. परभणी) परिसरातील एखाद्या लहान शाळेत एका नोंदीची चूक सर्वच मुलांच्या अध्यापनावर परिणाम करू शकते.

'सरल'च्या इंग्रजी नावाचा शेवट 'विद्यार्थ्यांचे शिकणे' या अर्थाच्या शब्दांनी होतो. म्हणून किती खोटी नावे वगळली, एवढ्यावरच तिचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. किती खरी मुले वगळली गेली, हेही तपासले पाहिजे. यंत्राने नाकारलेल्या प्रत्येक नावाची वर्गात जाऊन पडताळणी करण्याची कायम तरतूद असणे, ही या प्रणालीच्या विश्वासार्हतेची पहिली अट ठरते.