एक संज्ञा, दोन रोग

१९३१ साली ब्राझीलमधील रेसिफे येथे जॉर्ज लोबो ह्या वैद्याने एका रुग्णाच्या त्वचेवरील गाठींचे वर्णन केले. त्यांच्या नावावरून ह्या कवकजन्य रोगास पुढे ‘लोबोमायकोसिस’ ही संज्ञा मिळाली. १९७१ साली फ्लॉरिडाकडील एका डॉल्फिनच्या त्वचेत तशाच साखळीबद्ध गोल पेशी आढळल्याची नोंद झाली आणि तीच संज्ञा ह्या सागरी सस्तन प्राण्याच्या रोगासही लावण्यात आली. ह्या संज्ञाविस्तारात दडलेल्या विधानाची परीक्षा करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

विशेषनामावरून साधलेली संज्ञा रोगाचे लक्षण सांगत नाही. ‘हा तोच’ एवढेच सांगते. हे कवक प्रयोगशाळेत वाढविता आलेले नाही. त्यामुळे हे ऐक्य मुख्यतः सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या रूपसाम्यावरच उभे होते. डॉल्फिनमधील पेशी मनुष्यातील पेशींहून लहान असतात, हे ध्यानी आल्यावरही संज्ञा कायम राहिली. १९८३ साली युरोपात डॉल्फिनपासून एका मनुष्यास हा रोग जडल्याची शक्यता मांडली गेली. एकाच नावाखाली अशी शंका सहज रुजावी, ह्यात नवल नाही.

२०२१ साली जनुकीय तुलनेच्या आधारे ह्या दोन स्वतंत्र जाती मानण्यात आल्या : डॉल्फिनमधील ‘पॅराकॉक्सिडिऑइडिस सेटी’ आणि मनुष्यातील ‘पॅराकॉक्सिडिऑइडिस लोबोजॉर्जिआय’. ‘सेटी’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘देवमाशाचा’.

येथे एक आक्षेप संभवतो. नव्या नावातही जुनी चूक आहेच. ‘कॉक्सिडिऑइडिस’ हे नाव १८९६ साली पडले, तेव्हा ते कवक ‘कॉक्सिडिया’ ह्या आदिजीवांसारखे भासले होते. ‘ऑइडिस’ म्हणजे सदृश. मग ‘लोबो’लाच दोष का द्यावा? उत्तर असे, की त्या नावाचा मूळ अर्थ आज मृत आहे. आपणही ‘देवमासा’ म्हणतो, परंतु कोणी प्राणिशास्त्रज्ञ त्यास मासा समजत नाही. ‘लोबोमायकोसिस’मधील ऐक्याचे विधान मात्र जिवंत होते, संशोधक त्यावर विसंबून अनुमाने बांधीत होते. मृत अर्थ निरुपद्रवी असतो. असिद्ध परंतु जिवंत विधान घातक ठरते.

म्हणून मराठी परिभाषेत ‘लोबो-रोग’ ही संज्ञा मनुष्यापुरतीच राखावी व डॉल्फिनच्या रोगास ‘सेटी-कवकरोग’ म्हणावे. २०२१ पूर्वीचे लेखन वाचताना तर प्रत्येक ठिकाणी रोगी कोण, हे आधी पाहावे. अन्यथा दोन रोगांची गणना एकाच रकान्यात होईल.