‘सद्गती’तील ओम पुरी : ओंडक्यावरचा संताप

सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवरून ‘सद्गती’ केला. त्यात ओम पुरी यांनी दुखी चांभार उभा केला. निमोण्यात मुलांबरोबर तो पुन्हा पाहिला, तेव्हा एकाने विचारले, “सर, हा कुऱ्हाड टाकून निघून का जात नाही?” दलित समीक्षेने या प्रश्नाला बगल देता कामा नये.

मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून हवा, म्हणून दुखी गवताचा भारा घेऊन पंडिताच्या दारी जातो आणि वेठीला जुंपला जातो. नुकताच तापातून उठलेला. पोटात अन्न नाही. झाडलोट, भुसा वाहणे आणि शेवटी गाठींचा ओंडका. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. प्रेमचंदांची कथा त्यानंतरची. तरीही दुखीच्या तोंडी नकार नाही. सवर्ण लेखकाची करुणा येथे थांबते.

ओम पुरी मात्र थांबत नाहीत. त्यांचे आधीचे घाव थकलेल्या माणसाचे आहेत. पंडित झोपेतून उठवून खडसावतो, त्यानंतरचे घाव निराळे. शब्दांत नसलेला संताप दंडात उतरतो. पण तो पडतो लाकडावर, आणि मरतो दुखीच. एकट्याच्या संतापाची ही शोकांतिका नटाने नेमकी ओळखली आहे. दुखीला लाचार म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे घाव पुन्हा पाहावेत.

चित्रपटात नकार येतो तो दुखीच्या मरणानंतर. गोंडाच्या सांगण्यावरून चांभारवाडा प्रेत उचलत नाही. स्मिता पाटील यांच्या झुरियाचा आक्रोश पंडिताच्या बंद दाराशी पावसात विरतो. पहाटे पंडित विटाळ टाळत, पायाला दोर अडकवून प्रेत ओढत नेतो आणि जनावरांच्या सांगाड्यांत टाकतो. मोहन आगाशे यांनी हा पंडित खलनायकी आव न आणता रंगवला, म्हणून तो अधिक ओळखीचा वाटतो.

मेलेली ढोरे ओढणे हे आपल्याकडे महारांवर लादलेले काम. बाबासाहेबांच्या चळवळीने ते सोडायला लावले; महार वतनही १९५८ च्या कायद्याने गेले. वस्तीने हात आखडले की ओढण्याचे काम पंडिताला स्वतः करावे लागते! गंगाजल शिंपडून तो लगेच शुद्ध होतो, हेही खरे.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो : दुखी एकटा होता. कुऱ्हाड टाकायची तर मागे वस्ती उभी लागते.