बैलाच्या पोटातला छायाचित्रकार

पाखरांची आणि किड्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद आता इतका फैलावला आहे की, रविवारी सकाळी तळ्याकाठी बगळ्यांपेक्षा कॅमेरेच अधिक दिसावेत. या चित्रांचे कौतुक उदंड होते. समीक्षा मात्र फारशी कोणी करीत नाही. कवितेतली अनुभूती खरी की उसनी, हे आपण अगदी निक्षून विचारतो. छायाचित्राला कोणी असे विचारीत नाही. यंत्र कसे खोटे बोलेल, अशी आपली भाबडी समजूत!

या कलेच्या आद्य पुरुषांत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या यॉर्कशायरच्या बंधूंची गणना होते. १८९५ साली ब्रिटनमधील पाखरांच्या घरट्यांवर त्यांचे पुस्तक निघाले. लेखन रिचर्डचे, छायाचित्रे चेरीची. पाखरांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी पुढे एक अजब युक्ती काढली. बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढविले आणि त्या पोकळ बैलाच्या पोटात कॅमेऱ्यासह उभे राहू लागले. एकदा तो बैल चारी पाय वर करून उताणा पडला, त्याचेही छायाचित्र आहे! ते पाहून मला हसू येते. तरी त्यांच्या कित्येक सुबक चित्रांहून ते मला मोलाचे वाटते. त्यात अवघडलेला आहे तो माणूस, पाखरू नव्हे.

एरिक हॉस्किंगची गोष्ट याहून बिकट. १९३७ साली एका घुबडाने नखी मारली आणि त्याचा डावा डोळा गेला. तरीही गड्याने छंद सोडला नाही. १९४८ सालचे त्याचे गव्हाणी घुबडाचे चित्र जगभर गाजले: पंख पसरलेले, चोचीत शिकार. रचना एखाद्या राजचिन्हासारखी; पण मला त्यात दिसतो घरी शिधा घेऊन निघालेला संसारी जीव.

मात्र थोरांचे अनुकरण करणारे त्यांची चिकाटी घेत नाहीत, विषय तेवढा उचलतात. घरटे नीट दिसावे म्हणून आडव्या येणाऱ्या डहाळ्या छाटल्या, की पिलांवर ऊन येते आणि कावळ्यालाही ते घरटे तितकेच नीट दिसते. म्हणूनच काही स्पर्धांनी आता घरट्यांची चित्रे वर्ज्य केली आहेत. ही बंदी मला रास्त वाटते, जरी तिने कीर्टन बंधूही बाद झाले असते!

किड्यांची दाद तर कोणाकडेच नाही. चतुर हलू नये म्हणून त्याला शीतकपाटात ठेवणारे आणि मग त्यावर पिचकारीने दव शिंपडणारे महाभाग आहेत. गारठ्याने किड्याचे स्नायू आखडतात, तो उडू शकत नाही. पाहणारा म्हणतो, काय शांत मुद्रा! हे वाङ्मयचौर्यापेक्षा वाईट, कारण इथे ज्याचे चोरले त्याला तक्रारही करता येत नाही. आणि गरज तरी काय? दिवाळीच्या दिवसांत पहाटे गवतावर खरेखुरे दव असते, त्यात चतुर आपसूक निश्चल बसलेला असतो. पंख उन्हाने तापेपर्यंतचा अवधी मिळतो, तो पुष्कळ झाला. अभ्यंगस्नानासाठी एरवीही लौकर उठावेच लागते.

घरट्यांचीच हौस असेल, तर विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी या दिवसांत बहुधा रिकामी लोंबत असतात. पिले केव्हाच उडून गेलेली. हवी तितकी चित्रे घ्यावीत.