नाकतोड्याची अंतर्रचना आणि मराठी परिभाषा

भाद्रपद-आश्विनात देहूरोडच्या माळांवर गवत वाढले की पावलागणिक नाकतोडे उडू लागतात. मोठा, विपुल आणि सहज हाती लागणारा हा कीटक झुरळाच्या जोडीने प्राणिशास्त्राच्या वर्गांत विच्छेदनासाठी योग्य मानला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ व २०१४ मधील निर्देशांनंतर विच्छेदनाची ती प्रथा मागे पडली. आता विद्यार्थ्याला अवयव दिसतो तो आकृतीतून, आणि कळतो तो आकृतीशेजारच्या शब्दातून. शब्द चुकला तर तो दुरुस्त करावयास प्रत्यक्ष अवयव समोर नसतो. सबब, या शब्दांची परीक्षा हा केवळ भाषाभ्यासकाचा विलास राहिलेला नाही.

१९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर मराठी परिभाषेच्या कार्याला संघटित रूप आले, आणि त्या परंपरेतील कित्येक शब्द निःसंशय उत्तम आहेत. 'पेषणी' हाच शब्द पाहावा. अन्नपुटात साठलेले गवत पुढे ज्या दंतुर अस्तराच्या भागात जाते, त्याचे हे नाव. 'पिष्' म्हणजे दळणे. ज्याने जाते पाहिले आहे त्याला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 'अंधनाल' हा शब्दही तसाच नेमका : एका टोकाला बंद असलेली नळी.

अडचण उद्भवते ती मानवी शरीराचे शब्द जसेच्या तसे कीटकाला लावल्यामुळे. 'श्वासनलिका' म्हटले की घशातून फुप्फुसांकडे जाणारी एकच नळी मनात उभी राहते. नाकतोड्याला फुप्फुसे नाहीत, आणि तो मुखाने श्वासही घेत नाही. वक्षावर दोन व उदरावर आठ अशा श्वासरंध्रांच्या दहा जोड्यांतून हवा आत शिरते, आणि उत्तरोत्तर सूक्ष्म होत जाणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यातून थेट ऊतकांपर्यंत पोहोचते. (ज्याच्या नावातच नाक आहे त्याला श्वसनासाठी नाक नसावे, हा भाषेचा एक विनोदच.) या जाळ्याला 'वायुनलिका' म्हटल्यास घोटाळा टळतो. 'रक्त' या शब्दाने तर दुहेरी भ्रम होतो. हा द्रव तांबडा नसतो, आणि प्राणवायू वाहून नेण्याचे मुख्य काम त्याच्याकडे नसते. पाठीकडील नळीसारख्या हृदयातून निघून तो देहगुहेत मोकळा वाहतो व अवयवांना सभोवार भिजवितो. विद्यार्थ्याने येथे धमन्या-शिरांचे जाळे काढले, तर दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे.

हा दोष मराठीचाच आहे असे मात्र म्हणता येत नाही. मध्यांत्राच्या आरंभी असलेल्या सहा अंधनालांना जुन्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत 'हेपॅटिक सीका' म्हणत. त्याचे शब्दशः भाषांतर केले की 'यकृतीय अंधनाल' तयार होतो, आणि ज्या प्राण्याला यकृतच नाही त्याच्या देहात यकृताची छाया शिरते. वस्तुतः या नळ्या पाचक रस स्रवतात व अन्नरस शोषतात. इंग्रजीने पुढे 'गॅस्ट्रिक' हे विशेषण पत्करले; भाषांतरकाराने मूळ शब्दाची शंका न घेता त्याची चूकही निष्ठेने आणावी, हे योग्य नाही. याउलट 'मालपिघी नलिका' या विशेषनामाला परके म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. मध्यांत्र व पश्चांत्र यांच्या सांध्यावरील या नळ्या यूरिक अम्ल बाहेर टाकण्याचे काम करतात. मार्चेल्लो मालपिघीचे (१६२८–१६९४) नाव त्यांच्याविषयी निदान काही खोटे सांगत नाही.

साम्यावाचून ज्ञान होत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो खरा आहे. परंतु साम्य कार्याचे की रचनेचे, हे शब्दाने लपवू नये. 'मज्जारज्जू' म्हणताच पाठीचा कणा आठवतो. नाकतोड्याला कणा नाही, आणि त्याचा चेतारज्जू अन्ननलिकेच्या खालून जातो. त्याला 'अधर' म्हणावे, तर साहित्याच्या विद्यार्थ्याला ओठ आठवतील. 'उदरीय' हेही अपुरे, कारण हा रज्जू वक्षातूनही जातो. 'तळाकडील चेतारज्जू' ही शब्दयोजना तितकीशी भारदस्त नाही, तथापि तीच बरी.