ऑस्करच्या वाटेवर मागे राहिलेलं गाव

ज्या माहितीपटाविषयी आज बोलायचं आहे, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’. २०२१ साली सनडान्स महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाले आणि २०२२ मध्ये ऑस्करचं नामांकन. विषय आहे ‘खबर लहरिया’. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली सुरू झालेलं बुंदेली भाषेतलं हे वृत्तपत्र ग्रामीण स्त्रियांनी चालवलं. त्यांत दलित स्त्रिया बऱ्याच. चित्रपट आम्हाला आवडला, हे आधीच सांगतो. तरी त्याच्याशी आमचं भांडण आहे.

आवडलं काय? तर मोबाइल शिकण्याचा प्रसंग. ज्यांच्या हाती स्मार्टफोन कधी आला नव्हता, त्या बायका कॅमेरा कसा धरायचा ते शिकतात. बिचकतात, हसतात, पुन्हा धरतात. इथे दिग्दर्शकांना घाई नाही. मीरा देवी पोलीस ठाण्यात जाऊन प्रश्न विचारतात, तिथंही नाही.

पण पुढे चित्रपटाची नजर निवडणुकीकडे वळते, तलवार बाळगणाऱ्या तरुण कार्यकर्त्याकडे वळते, आणि छापील अंकाची वर्षं मागे पडतात. आमच्या मते खरी गोष्ट तिथं आहे. दिल्लीच्या ‘निरंतर’ संस्थेच्या आधारानं, साक्षरतेच्या कामातून हा अंक उभा राहिला. अंकाला किंमत होती, नाममात्र का होईना. बातमी आणणारी बाईच तो गावोगाव विकायला न्यायची. म्हणजे बघा, जिच्याविषयी लिहिलं तिच्याच दारात अंक घेऊन उभं राहायचं! हातपंप बंद आहे, रेशन मिळत नाही, रोजगार हमीची मजुरी थकलीय, असल्या बातम्या. शहरातल्या वर्तमानपत्राला त्यांत ‘बातमी’ दिसत नाही. (आपल्याकडे मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवला. पत्र शहरातूनच निघावं, असा काही नियम नव्हता.)

आता भांडणाचा मुद्दा. मार्च २०२२ मध्ये, ऑस्कर सोहळ्याच्या तोंडावर, खुद्द ‘खबर लहरिया’नं निवेदन काढलं. चित्रपट प्रभावी आहे, पण आम्ही एकाच पक्षावर लक्ष ठेवून बातम्या देतो असं जे चित्र उभं राहतं ते बरोबर नाही, असा त्याचा आशय. अनेकांना हे खटकलं. एवढा मान मिळतोय आणि ह्या तक्रार करतायत! काहींना तर त्यात भीती दिसली.

आम्हाला वेगळं दिसतं. मोठ्या शहरातला पत्रकार एका गावात जातो, लिहितो, परत जात नाही. ह्या बायकांना उद्या त्याच वाटेनं जायचं असतं. सरपंच एका पक्षाचा, रेशनवाला दुसऱ्याचा, खाणवाला ज्याची सत्ता त्याचा. ‘ही तर अमक्यांची माणसं’ असा शिक्का एकदा बसला की दारं बंद. निःपक्षपातीपणा हे त्यांच्यासाठी पुस्तकातलं तत्त्व नाही. कामाचं हत्यार आहे, आणि थोडंफार चिलखतही. चित्रपटानं शौर्य दाखवताना नेमकं तेच काढून घेतलं. दोन तासही नसलेल्या चित्रपटात सगळं मावत नाही, हे मान्य. पण काय गाळलं, हे विचारायला समीक्षकाला कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक गोष्ट चित्रपटात जवळपास नाही: पैसा. जाहिरातदाराला बुंदेलखंडातल्या मजुराशी देणंघेणं नाही, म्हणून अशा कामाला देणगी लागते. पण देणगीदार दूरचा. त्याला भावते धाडसाची कहाणी. हातपंपाची तिसरी बातमी त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही. मग पत्र कुणासाठी निघतं, गावासाठी की देणगीदारासाठी? पडद्यावर यूट्यूबच्या प्रेक्षकसंख्येचे आकडे चढत जातात, तेव्हा आम्हाला हाच प्रश्न पडला होता. त्या आकड्यांत चित्रकूटचे किती, हे आकडा सांगत नाही.