किती देते?

गगनबावड्याच्या रस्त्याला कळ्याच्या पुढे एक चहाची टपरी आहे. रविवारी सकाळी तिथे गाडी लावली की चहा येण्याआधी कोणीतरी येतं, गाडीभोवती एक चक्कर मारतं आणि विचारतं, ‘भावा, किती देते?’

मी खरं ते सांगतो. गावात नऊ, बाहेर बारा-तेरा. त्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर येणारा भाव आता मला पाठ झालाय. घरातलं कोणी दवाखान्यात आहे म्हटल्यावर माणसं असंच बघतात. ‘मग ठेवलीयास कशाला?’ हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला एक कप चहा पुरत नाही.

गाडी आहे 2002 ची फियाट पॅलिओ 1.6. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर काही लोक हसतील. त्यांचं चूक नाही. पण आपल्याकडे जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल बोलायचं तर पर्याय तरी किती आहेत ते बघा.

नावाप्रमाणे स्पोर्ट्स कार होती ती सॅन स्टॉर्म. 1998 च्या सुमारास आलेली, दोन माणसांची, छत उघडणारी, फायबरग्लासच्या बॉडीची भारतीय गाडी. आराखडा फ्रान्समधल्या ल मान्स ग्रुपचा, इंजिन रेनॉचं 1149 सीसीचं, ताकद 60 अश्वशक्ती. म्हणजे मुखपृष्ठ थरारकथेचं आणि आत प्रवासवर्णन. वाईट नव्हे, पण वेगळं. सॅन स्टॉर्मचं धाडस मला आवडतं. असली गाडी इथे बनवावी असं कोणाला तरी वाटलं, हेच मोठं आहे. पण तिच्या दिसण्यानं दिलेला शब्द तिच्या इंजिनाला पाळता येत नव्हता.

पॅलिओ 1.6 मध्ये याच्या बरोबर उलटं आहे. पॅलिओ ही मुळात फियाटनं विकसनशील देशांसाठी आखलेली घरगुती गाडी. 1996 मध्ये ती ब्राझीलमध्ये आली, 2001 मध्ये भारतात. ज्या कुर्ल्यात पद्मिनी बनायची, त्याच कुर्ल्यात ती बनू लागली. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, पुढे त्याच्या नावाची ‘एस10’ आवृत्तीही निघाली. बहुतेकांनी घेतली ती 1.2. पण त्याच घरगुती अंगात कंपनीनं 1596 सीसीचं, 16 व्हॉल्व्हचं, सुमारे 100 अश्वशक्तीचं इंजिनही बसवून दिलं. रस्त्यावर तेव्हा सगळीकडे 796 सीसीची मारुती 800 धावत होती, हे लक्षात घ्या. बाहेरून बघाल तर मावशींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारी गाडी. मावशींना आत बसवून जरा दाबली की मावशी देवाचं नाव घ्यायला लागतात.

हा विरोधाभास हीच या गाडीची खरी शैली. साळवण सोडलं की रस्ता वळणं घ्यायला लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की त्याचा आवाज बदलतो, आतापर्यंत पुटपुटणारं माणूस एकदम स्पष्ट बोलायला लागावं तसा. वळणात गाडी थोडी कलते, मग बूड टेकून बसते, आणि स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. कुठे खडी आहे, कुठे डांबर ओलं आहे, कुठे उसाच्या ट्रॉलीनं चिखल सांडलाय. हे सगळं ताशी पन्नास-साठच्या आत. वेग लागत नाही. आजच्या बऱ्याच गाड्या याहून जोरात पळतात, पण त्यात बसल्यावर मला रस्ता काचेपलीकडे राहिल्यासारखा वाटतो.

आता दोष. गिअरचा दांडा वयोमानानं सैल झालाय, तिसरा गिअर शोधताना आमटीत डाव फिरवल्यासारखं वाटतं. डाव्या मागच्या दाराची काच अर्ध्यावर थांबते, मग तिला हातानं आधार द्यावा लागतो. गोडं तेल संपावं तसं पेट्रोल संपतं. आणि या सगळ्याला ‘कॅरेक्टर’ म्हणायची जी पद्धत इंग्रजी ऑटो-समीक्षेतून आपल्या रील्समध्ये आली आहे, ती मला मान्य नाही. अर्ध्यावर थांबणारी काच म्हणजे अर्ध्यावर थांबणारी काच. तिच्यात कसलंही काव्य नाही. जुन्या गाडीच्या प्रेमात पडलेल्या माणसानं सगळ्यात आधी हे स्वतःला बजावलं पाहिजे, नाहीतर तो समीक्षक राहत नाही, भक्त होतो.

मग आनंद कशात आहे? मला तो एका फजितीनंतर कळला.

मागच्या उन्हाळ्यात गगनबावड्याकडे चढताना तापमानाचा काटा सरकत होता. मी तो बघितला आणि गाणं बदललं. पुढच्या दहा मिनिटांत बॉनेटमधून वाफ. रेडिएटरची नळी फुटली होती. वीस वर्षांहून जुनं रबर ते. मिस्त्रींनी दोन महिन्यांपूर्वीच बदलायला सांगितलं होतं आणि मी ते पुढच्या पगारावर ढकललं होतं. एका टेम्पोवाल्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधून दिली, पाण्याचा कॅन दिला आणि पैसे घेतले नाहीत. ‘किती देते?’ एवढं मात्र विचारलं.

ती फुटलेली नळी आता माझ्या टेबलावर आहे. लॅपटॉपशेजारी. माझ्या रोजच्या कामात काही बिघडलं की पडद्यावर एक ओळ येते. तिचं मूळ कुठल्यातरी थरात असतं, तो थर कधी न भेटलेल्या माणसांनी लिहिलेला असतो, आणि बहुतेक वेळा आम्ही सगळं बंद करून पुन्हा चालू करतो. चाललं की कोणी कारण विचारत नाही. इथे कारण वीतभर लांबीचं आहे, त्याला चीर आहे, आणि ती चीर का पडली हे मला ठाऊक आहे. गाडीनं कळवलं होतं, मी वाचलं नव्हतं. आता वाचतो. इंजिनाचा आवाज, वास, सकाळी गाडीखाली पडलेला थेंब कोणत्या रंगाचा आहे, हे सगळं वाचतो. दोष गोड मानायची गरज नाही. पण जो दोष वाचता येतो, त्याच्यासोबत राहता येतं. माझ्या आयुष्यात अशा वस्तू फार उरलेल्या नाहीत.

हे कोल्हापुरात असल्यामुळे शक्य आहे, हेही कबूल केलं पाहिजे. फियाटच्या गाड्या आता इथे विकल्या जात नाहीत. सुटे भाग मिळवायचे म्हणजे भंगार धुंडाळायचं, फोन फिरवायचे. एकदा एक ब्रॅकेट मिळेना म्हणून मी रडगाणं गात उद्यमनगरात गेलो, तर मिस्त्री म्हणाले, ‘मिळत न्हाई म्हंजे काय? कुणीतरी पयल्यांदा केलाच हुता न्हवं?’ आणि दुपारपर्यंत करून दिला. ज्या गावात 1918 च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावात लेथवर बसलेल्या माणसाचा हा आत्मविश्वास मला नवा वाटत नाही. पण लेथलाही मर्यादा आहेत. त्यावर ब्रॅकेट होतो, बुश होतो. टायमिंग बेल्ट होत नाही आणि इंजिनाचा कॉम्प्युटर तर नाहीच. तो गेला की या गाडीचा शेवटचा अध्याय सुरू होईल, हे मिस्त्रींनाही माहीत आहे आणि मलाही.

आणि त्याआधी पेट्रोलच बदललं. 2025 पासून पंपावर सगळीकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं ई20 मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. ई20 साठी न बनलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच होता. शिवाय जुन्या गाड्यांतलं रबर या मिश्रणासाठी बनलेलंच नाही. मी यावर घरी तावातावानं बोलत होतो. आमचे चुलते भोगावतीकाठचे ऊसकरी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘माझाच ऊस तुझ्या टाकीत जळतोय. माझं बिल येळेवर येऊ दे, तुझी नळी फुटंना का.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. कारखाना इथेनॉल विकून लवकर पैसे उभे करतो, त्यातून उसाचं बिल निघतं, त्या बिलावर चुलतभावाची कॉलेजची फी भरली जाते. माझा रविवारचा आनंद या साखळीत कुठे बसतो? शिवाय 2002 चं इंजिन आजच्या बीएस-6 इंजिनापेक्षा जास्त घाण हवेत सोडतं आणि तेव्हाची सुरक्षितता आजच्या मोजमापांत बसत नाही. जुन्या गाड्यांवर प्रेमानं लिहिणारे लोक ही बाजू सहसा एका वाक्यात उरकतात. ती उरकण्यासारखी नाही. म्हणून मी ऑफिसला स्कूटरवर जातो आणि ही गाडी आठवड्यातून एकदाच काढतो. त्यानं हिशेब मिटत नाही, पण निदान आकडा लहान होतो.

हिशेबावरून पुन्हा त्या प्रश्नाकडे येतो. ‘किती देते?’ हा प्रश्न मला बरेच दिवस संकुचित वाटायचा, कादंबरीला ‘पानं किती?’ एवढंच विचारल्यासारखा. मग एकदा पहाटे गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभा होतो. समोर म्हशीची धार काढत होते आणि शेजारचा माणूस गवळ्याला विचारत होता, ‘किती देती ओ?’ अगदी तोच सूर. हा प्रश्न मोटारीच्या कितीतरी आधीचा आहे. म्हशीला, रानाला, विहिरीला विचारलेला. ज्यांच्या घरात एकच म्हैस होती आणि ती भाकड गेली तर दूधच बंद व्हायचं, त्यांनी तो विचारायलाच हवा होता. मोटार घरात आली तेव्हा लोकांनी तिलाही तोच प्रश्न विचारला, कारण तीही कर्ज काढून आणलेली होती. टपरीवरचा माणूस माझ्या गाडीची चेष्टा करत नाही. तो तिला घरातल्या जनावरांत मोजतोय.

तरी या प्रश्नात एक गोष्ट मावत नाही. ही गाडी माझ्याकडून काय मागते, हे त्यात येत नाही. ती लक्ष मागते, रविवार मागते, हात काळे करायला लावते. त्या मागण्यातून मला जे मिळालं ते लिटरमध्ये मोजता येत नाही, आणि ते फुकट मिळतं असंही मी म्हणणार नाही. 2027 मध्ये हिच्या नोंदणीचं पुन्हा नूतनीकरण आहे. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी 2022 मध्ये 600 ची 5,000 झाली, वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी 2025 मध्ये 10,000. वर पर्यावरण कर. गाडी तपासणीत पास झाली तर मी भरणार आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर त्याआधी गेला, तर नाही.

हे चुलत्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या गोठ्यात एक म्हातारा बैल आहे. रानात ट्रॅक्टर येऊन बरीच वर्षं झाली, बैल औताला जात नाही, वैरण तेवढी खातो. मी संधी साधून विचारलं, ‘काका, ह्यो किती देतो?’

‘असू दे की,’ म्हणाले. आणि बेंदूर जवळ आला होता म्हणून शिंगांसाठी हिंगूळ आणायला मलाच गावात पिटाळलं.